ब्रिटनची प्रशिक्षण-लेव्ही : भरण्याआधी आणि भरल्यानंतर

रिफायनरी ठरावीक दिवसांसाठी बंद करायची, तेवढ्या वेळात झिजलेले पाइप काढून नवे बसवायचे, टाक्या आतून तपासायच्या आणि ठरल्या तारखेला उत्पादन पुन्हा सुरू करायचं. या धंद्यात त्याला ‘शटडाउन’ म्हणतात. अशा कामाला काही आठवडे वेल्डर, पाइपफिटर, रिगर, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन अशी शेकडो माणसं लागतात. काम उरकलं की ती पांगतात, दुसऱ्या कंत्राटदाराकडे, दुसऱ्या गावी. मग या वेल्डरला उमेदवारी देऊन तयार कोणी करायचं? खर्च करणाऱ्याकडे तो टिकत नाही. तो ज्याच्याकडे जातो, त्याने त्याच्यावर छदामही खर्च केलेला नसतो. हा हिशेब प्रत्येक मालकाला कळतो, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याने शिकवावं याची वाट पाहतो आणि एक दिवस साइटवर शिकलेला माणूसच मिळेनासा होतो.

ब्रिटनने यावर कायद्याने तोडगा काढला. धंद्यातल्या सगळ्या मालकांकडून पगारबिलाच्या प्रमाणात रक्कम घ्यायची आणि जे माणसं शिकवतील त्यांना त्यातून अनुदान द्यायचं. ही रक्कम म्हणजे लेव्ही. ती गोळा करणारं आणि वाटणारं मंडळ कायद्याने स्थापन झालेलं असतं. वीजकेंद्रं, रिफायनरी, रासायनिक कारखाने, अणुप्रकल्प या क्षेत्रासाठीचं मंडळ म्हणजे ‘इंजिनिअरिंग कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री ट्रेनिंग बोर्ड’, थोडक्यात ईसीआयटीबी. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमधल्या किंग्ज लँगली या गावातून अनेक वर्षं त्याचा कारभार चालला.

ब्रिटनमध्ये छोटी इंजिनिअरिंग कंपनी चालवणारे, तिथल्या कंत्राटदाराचे हिशेब पाहणारे, पुण्या-मुंबईतून तिथल्या कामाची निविदा भरणारे किंवा तिथल्या साइटवर नोकरीला जाणारे, या सगळ्यांचा या मंडळाशी कधी ना कधी संबंध येतो. बहुतेकांना तो पहिल्यांदा कळतो तो मागणीपत्र हातात पडल्यावर. खरं तर लेव्हीची बरीचशी कामं त्या पत्राच्या आधीची असतात आणि पैसे परत मिळवण्याची कामं त्याच्या नंतरची.

सत्तावीसवरून दोनवर

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये प्रशिक्षण हा मालकांचा खासगी प्रश्न मानला जात होता. रॉबर्ट कार यांच्या समितीने १९५८ सालच्या अहवालात हेच म्हटलं : प्रशिक्षणाची जबाबदारी उद्योगाची, सरकारची नव्हे. पण कुशल कामगारांची टंचाई काही हटेना. १९६२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि १९६४ मध्ये ‘इंडस्ट्रियल ट्रेनिंग अ‍ॅक्ट’ आला. प्रत्येक उद्योगाला आपलं मंडळ आणि त्या मंडळाला लेव्ही बसवण्याचा अधिकार मिळाला. लोकर, लोखंड-पोलाद, इंजिनिअरिंग आणि बांधकाम ही पहिली मंडळं. दशक संपेपर्यंत त्यांची संख्या सत्तावीसच्या घरात गेली.

इंजिनिअरिंग मंडळाची सुरुवातीची लेव्ही पगारबिलाच्या तब्बल अडीच टक्के होती. मोठे कारखाने माणसं शिकवून तेवढीच रक्कम अनुदान म्हणून परत मिळवत. छोट्यांकडे ना प्रशिक्षण विभाग, ना अर्ज भरायला कारकून. पैसे आमचे आणि अनुदान मोठ्यांना, ही त्यांची ओरड थेट संसदेपर्यंत पोचली. १९७३ च्या कायद्याने लेव्हीला लगाम घातला आणि स्वतः पुरेसं प्रशिक्षण देणाऱ्यांना सूट मिळण्याची वाट खुली केली. थॅचर सरकारात रोजगारमंत्री झालेल्या नॉर्मन टेबिट यांनी १९८१ मध्ये २३ पैकी १६ मंडळं गुंडाळण्याची घोषणा केली. पुढच्या दहा वर्षांत उरलेल्यांपैकीही बहुतेक गेली.

इंजिनिअरिंग मंडळ बंद होण्याच्या बेतात असताना त्यातला साइटवर उभारणी करणारा भाग मात्र वेगळा काढून राखला गेला. १९८२ च्या नव्या ‘इंडस्ट्रियल ट्रेनिंग अ‍ॅक्ट’खाली १९९१ मध्ये ईसीआयटीबी जन्माला आलं ते असं. त्याच्या जोडीला घरं, रस्ते, शाळा, इस्पितळं बांधणाऱ्यांचं ‘सीआयटीबी’ टिकलं. नॉरफोकमधल्या बर्चम न्यूटन इथल्या हवाई दलाच्या जुन्या तळावर क्रेन चालवायला आणि परांची बांधायला शिकवणारं मंडळ ते हेच.

ही दोनच का राहिली, याचं उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. मोटारीच्या कारखान्यात शिकलेला कामगार वर्षानुवर्षं त्याच फाटकातून आत जातो. उभारणीच्या धंद्यात माणूस एका मालकाकडे काही महिने असतो, कधी काही आठवडेच. तिथे एकट्या मालकाने शिकवण्यावर खर्च करणं आतबट्ट्याचं ठरतं. लेव्ही कोणालाच आवडत नाही, पण ती नसती तर काय झालं असतं हे या धंद्यातल्या मालकांना ठाऊक आहे. म्हणून त्यांच्यातले बहुसंख्य तिला पुन्हा पुन्हा होकार देत आले आहेत.

हा होकार नुसता औपचारिक नसतो. लेव्हीचा दर मंडळ आपल्या मनाने ठरवू शकत नाही. साधारण दर तीन वर्षांनी मंडळ मालकांपुढे प्रस्ताव ठेवतं. लेव्ही भरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मालक त्याच्या बाजूने आहेत आणि एकूण लेव्हीतला निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा आहे, अशी दोन्ही अंगांनी खात्री करावी लागते. मग सरकार आदेशाचा मसुदा संसदेत मांडतं आणि दोन्ही सभागृहांच्या मंजुरीनंतरच तो लागू होतो. छोट्या मालकाने सल्लामसलतीचं पत्र केराच्या टोपलीत टाकू नये, त्याचं कारण हे. पहिली कसोटी डोकी मोजते. तिथे वीस माणसांच्या कंपनीचं मत आणि दोन हजार माणसांच्या कंपनीचं मत सारख्याच वजनाचं असतं.

आपण यात येतो का?

पहिला आणि सर्वांत महाग पडू शकणारा प्रश्न हाच. कंपनीच्या नावात ‘इंजिनिअरिंग’ आहे की नाही, याने काही ठरत नाही. त्या आस्थापनेतली माणसं मुख्यतः काय काम करतात, ते पाहिलं जातं. तेल-वायू, वीज, अणुऊर्जा, रसायनं, औषधनिर्मिती, जलशुद्धीकरण अशा प्रक्रिया-उद्योगांच्या यंत्रणा जागेवर उभारणं, दुरुस्त करणं, काढून टाकणं आणि त्यांचं डिझाइन व प्रकल्प-व्यवस्थापन करणं ही ईसीआयटीबीच्या कक्षेतली कामं. इमारतीचा पाया, भिंती, रस्ता ही सीआयटीबीकडची.

प्रत्यक्षात ही रेघ इतकी सरळ नसते. एखादी कंपनी वर्षातले सात महिने रासायनिक कारखान्यात पाइप जोडते आणि पाच महिने ऑफिस-इमारतींच्या पाया-भिंतींची कामं करते. अशा वेळी निम्म्याहून अधिक मनुष्यबळ आणि वेळ कुठे गेला, हे कामाच्या नोंदींवरून दाखवावं लागतं. एका आस्थापनेला एका वेळी दोन्ही मंडळांची लेव्ही लागत नाही. पण चुकीच्या मंडळाकडे नोंद झाली, तर दर बदलतो, अनुदानाचे नियम बदलतात आणि नंतर नोंद फिरवायला पत्रव्यवहारात वर्ष निघून जातं. त्यामुळे कामानुसार तासांची नोंद पहिल्या महिन्यापासूनच ठेवायची. टाइमशीटवर साइटचं नाव, ग्राहकाचं नाव आणि कामाचा प्रकार या तीन गोष्टी असल्या, तरी पुढचा बराच वाद टळतो.

आणखी एक मर्यादा भूगोलाची. ईसीआयटीबीचा अधिकार इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरता. उत्तर आयर्लंडमध्ये बांधकामाचं मंडळ वेगळं आहे. ब्रिटनमधल्या प्रकल्पाचं ड्रॉइंग मुंबईतल्या ऑफिसात बसून काढणाऱ्या इंजिनिअरचा मुंबईतला पगार या हिशेबात येत नाही. त्याच कंपनीने त्याला ब्रिटनमधल्या आस्थापनेवर नेमून तिथल्या पगारपत्रकावर घेतलं, की चित्र बदलतं.

कशावर किती

लेव्हीच्या हिशेबात दोन कप्पे आहेत : साइटवरची माणसं आणि ऑफिसातली, म्हणजे ‘ऑफ-साइट’ माणसं. साइटवरच्या वेतनाचा दर जास्त असतो. २०२० च्या आदेशात तो १.२ टक्के होता. ऑफ-साइटचा दर अर्ध्या टक्क्याच्याही आत राहत आला आहे. टंचाई मुख्यतः हाताने काम करणाऱ्या कुशल माणसांची आणि प्रशिक्षणाचा खर्चही त्यांच्यावरच अधिक, हे त्यामागचं कारण. नव्या आदेशाबरोबर दर बदलतो, म्हणून हिशेब करताना त्या वर्षाचा आदेश समोर असायलाच हवा.

छोट्यांसाठी सूट आहे. या आदेशांत साइटवरचं एकूण देणं २,७५,००० पौंड किंवा त्याहून कमी असेल, तर साइटची लेव्ही लागत नाही. ऑफ-साइटसाठी हीच मर्यादा १० लाख पौंडांची. समजा, एका कंपनीचं साइटवरचं वार्षिक देणं ६ लाख पौंड आहे आणि ऑफिसातलं ४ लाख. ऑफिसचा कप्पा मर्यादेच्या आत, म्हणून तिथे शून्य. साइटचा कप्पा मर्यादेच्या वर, म्हणून १.२ टक्के दराने ७,२०० पौंड. आता याच कंपनीने साइटवरच्या सुपरवायझरांना ऑफिसच्या कप्प्यात दाखवलं, तर आकडा कमी दिसेल. पण प्रत्येक माणूस प्रत्यक्षात कुठे काम करतो हे तपासलं जाऊ शकतं, आणि तिथे खोटेपणा उघडा पडला तर तो कंपनीच्या अंगाशी येतो.

‘वेतन’ म्हणजे काय, इथे अनेकांची गल्लत होते. त्यात पगारपत्रकावरची माणसं येतातच. त्यांच्याशिवाय निव्वळ मजुरीचं कंत्राट घेणाऱ्यांना, म्हणजे ‘लेबर-ओन्ली’ पद्धतीने येणाऱ्यांना, दिलेली रक्कमही विचारात घेतली जाते. यामागे न्यायालयीन इतिहास आहे. ‘लेबर फोर्स लिमिटेड’ नावाची कंपनी बांधकामावर माणसं पुरवत असे. ती माणसं तिचे नोकर आहेत, म्हणून तिने लेव्ही भरावी, असं बांधकाम मंडळाचं म्हणणं होतं. १९७० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. ही माणसं नोकरीच्या करारावर नाहीत, हा करारच वेगळ्या जातीचा आहे, असा निकाल लागला आणि मंडळ हरलं. माणसं पगारपत्रकावरून काढून बाहेरून घ्यायची आणि लेव्ही वाचवायची, ही पळवाट खुली राहू नये म्हणून पुढच्या आदेशांनी मजुरीच्या देण्यालाही हिशेबात ओढलं. सीआयटीबीच्या दरात हे उघड दिसतं. तिथे पगारपत्रकावरच्या माणसांसाठी ०.३५ टक्के आणि उपकंत्राटदारांना दिलेल्या निव्वळ मजुरीवर १.२५ टक्के असा दर अनेक वर्षं चालत आला आहे.

यातून निघणारी सूचना हिशेबनिसासाठी आहे. उपकंत्राटदाराच्या बिलात मजुरी, माल आणि यंत्राचं भाडं वेगवेगळं लिहून घ्यावं. एकत्र बिल आलं की त्यातली मजुरी किती, हे वर्षाअखेर कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, आणि मालाच्या रकमेवरही लेव्ही मोजली जाण्याची भीती राहते.

रिटर्न, मागणी आणि अपील

लेव्हीचा हिशेब आधीच्या करवर्षातल्या वेतनावर होतो. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपतं. मंडळ दरवर्षी रिटर्न, म्हणजे या वेतनाचं विवरणपत्र, मागतं. सूट मिळण्याइतकी लहान कंपनीही रिटर्न भरण्यातून सुटत नाही. सूट लेव्हीतून असते, माहिती देण्यातून नव्हे. रिटर्न न भरणं हा १९८२ च्या कायद्याखाली दंडनीय गुन्हा आहे.

रिटर्नवरून मंडळ असेसमेंटची नोटीस काढतं. ती हाती आली की पैसे भरण्याआधी चार गोष्टी ताडून पाहाव्यात : आस्थापनेचं नाव आणि पत्ता, साइट व ऑफ-साइटचे आकडे, लावलेला दर आणि सूट-मर्यादा. काही चुकलं असेल, तर आधी मंडळाशी लेखी बोलणं. तिथे मिटलं नाही, तर एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे अपील. त्याची मुदत नोटीस मिळाल्यापासून एक महिना एवढीच. मंडळाशी ई-मेलवर चर्चा चालू आहे म्हणून मुदत आपोआप थांबेल, या भरवशावर राहू नये. चर्चाही चालू ठेवावी आणि अपीलही वेळेत दाखल करावं.

ज्यांना वाटतं की आपण मुळात या मंडळाच्या कक्षेतच नाही, त्यांनी तर एकही दिवस दवडू नये. कक्षेचा वाद नोंदींवर जिंकला जातो. कामाच्या ऑर्डरी, टाइमशीट, ग्राहकांची यादी आणि कामगारांची पदनामं, ही चार कागदपत्रं एका फायलीत तयार असावीत.

पैसे परत कसे येतात

इथे छोट्या कंपन्या सर्वांत जास्त गमावतात. लेव्ही भरली, पावती फाइलला लावली आणि विषय संपला, असं समजणाऱ्यांचे पैसे दुसऱ्यांच्या उमेदवारांवर खर्च होतात. १९६० च्या दशकातल्या छोट्या मालकांची तक्रार आजही तशीच ऐकू येते. फरक एवढाच की आता मंडळाकडून मिळणाऱ्या मदतीत छोट्या कोर्सचाही समावेश आहे. वेल्डरची नवी तपासणी, फ्लँजचे बोल्ट योग्य ताणाने आवळण्याचं प्रशिक्षण, सुपरवायझरचा कोर्स, प्रकल्प-नियंत्रणाची माणसं तयार करणं, अशा कामांसाठी मदत मागता येते. उमेदवार घ्यायला वेळ किंवा जागा नसलेल्या कंपनीलाही यातलं काही ना काही लागतंच.

कक्षेत येणाऱ्या, पण सूट-मर्यादेखालच्या कंपनीने रिटर्न वेळेवर भरलं असेल, तर मदतीचं दार तिच्यासाठीही बंद नसतं. लेव्ही शून्य म्हणून मंडळाशी संबंध शून्य, असं समजणारा मालक हक्काची मदत सोडून देतो.

पैसे परत मिळवण्याचा रस्ता तीन टप्प्यांचा आहे. वर्षाच्या सुरुवातीला मंडळाच्या अकाउंट मॅनेजरशी बसून पुढच्या वर्षात कोणती कामं येणार आहेत, कोणाचं प्रमाणपत्र संपतंय, कोण निवृत्त होतोय, याची यादी करावी. मग कोणत्या कोर्सला मदत मिळते आणि तो कोर्स मान्यताप्राप्त केंद्रातच करावा लागतो का, हे माणूस पाठवण्याआधी लेखी विचारावं. कोर्स झाल्यावर हजेरी, निकाल आणि बिल एकत्र करून मुदतीत दावा करावा. अनेक दावे पडतात ते प्रशिक्षण झालं नाही म्हणून नव्हे, तर परवानगी नंतर मागितली म्हणून किंवा कागद उशिरा पोचला म्हणून. साइटवरच्या कामगाराकडून प्रमाणपत्राची प्रत त्याच आठवड्यात घेतली नाही, तर तो पुढच्या साइटवर गेल्यावर मिळवणं अवघड होतं.

दुसरी लेव्हीही असते

२०१७ च्या एप्रिलपासून ब्रिटनमध्ये सर्व धंद्यांसाठी अ‍ॅप्रेंटिसशिप लेव्ही सुरू झाली. ज्या मालकाचं वार्षिक पगारबिल ३० लाख पौंडांहून जास्त आहे, त्याने अर्धा टक्का भरायचा. त्यातून १५,००० पौंडांची वजावट मिळते. ५० लाख पौंडांच्या पगारबिलावर अर्धा टक्का म्हणजे २५,००० पौंड, वजावट जाऊन १०,००० पौंड भरावे लागतात. ही लेव्ही करखातं पगाराबरोबरच वसूल करतं. तिचा ईसीआयटीबीच्या लेव्हीशी संबंध नाही आणि एक भरली म्हणून दुसरी माफ होत नाही.

मोठ्या कंपन्यांची कुरकुर याच दुहेरी भाराबद्दल आहे. त्यातून वाट काढायची तर दोन्ही पैशांचा वापर वेगळा ठेवावा लागतो. अ‍ॅप्रेंटिसशिप लेव्हीची रचना मुख्यतः दीर्घ उमेदवारीसाठी झाली आहे, आणि स्कॉटलंड व वेल्समध्ये तिच्या पैशांची व्यवस्था इंग्लंडपेक्षा निराळी आहे. मंडळाची मदत अनुभवी माणसाला नवं कौशल्य देण्यासाठी, तांत्रिक चाचण्यांसाठी आणि छोट्या कोर्ससाठी उपयोगी पडते. नवखा मुलगा पहिल्या खात्यातून आणि चाळिशीचा पाइपफिटर दुसऱ्या खात्यातून, अशी विभागणी केली की दोन्हीकडचे पैसे कामी येतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी

निविदा भरणाऱ्या भारतीय कंपनीला ‘सेस’ नवा नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक ते दोन टक्क्यांच्या मर्यादेत उपकराची तरतूद झाली आणि प्रत्यक्षात एक टक्का वसूल होत आला. पण तो बांधकामाच्या खर्चावर मोजला जातो आणि कामगारांच्या कल्याणासाठी वापरला जातो. ब्रिटनची लेव्ही पगारावर मोजली जाते आणि प्रशिक्षणासाठी वापरली जाते. त्यामुळे निविदेचा दर ठरवताना ‘एक टक्का धरून चालू’ हा ठोकताळा तिथे चुकतो. साइटवरची मजुरी जितकी जास्त, तितकी लेव्ही जास्त. यंत्रसामग्री कितीही महाग असली, तरी तिचा लेव्हीशी संबंध नाही. मजुरीचा अंदाज काढून त्यावर त्या वर्षीचा दर लावावा आणि रक्कम स्वतंत्र ओळीत दाखवावी.

मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टीलने वेल्समधल्या पोर्ट टालबटच्या झोतभट्ट्या २०२४ मध्ये बंद केल्या आणि त्यांच्या जागी विजेवर चालणारी भट्टी उभारायला घेतली. अशा उभारणीला लागणारे वेल्डर, रिगर आणि इलेक्ट्रिकल माणसं कुठून येणार, हा प्रश्न तिथे सुरुवातीपासून आहे. महाराष्ट्रातल्या आयटीआयमध्ये शिकलेल्या आणि रिफायनऱ्यांत शटडाउन केलेल्या माणसालाही तिथल्या संधी खुणावतात. त्याने मात्र काही गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

आयटीआयच्या प्रमाणपत्राला तिथे आपोआप समकक्षता मिळत नाही. ब्रिटनमधल्या अनेक मोठ्या साइटवर पाऊल ठेवण्याआधी ‘सीसीएनएसजी सेफ्टी पासपोर्ट’ मागतात. हा कोर्स दोन दिवसांचा असतो, शेवटी परीक्षा होते आणि कार्ड तीन वर्षं चालतं. तो ईसीआयटीबीच्या देखरेखीखाली चालतो. वेल्डरने आयएसओ ९६०६-१ या मानकाखालचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं आणि दर सहा महिन्यांनी त्यावर जबाबदार अधिकाऱ्याची सही घ्यावी. सहीची साखळी तुटली की प्रमाणपत्राला किंमत राहत नाही आणि चाचणी नव्याने द्यावी लागते. कोणत्या कामावर किती काळ होतो, कोणत्या धातूवर आणि कोणत्या पद्धतीने जोड केले, याची सुटसुटीत नोंद सुपरवायझरच्या सहीनिशी असली, तर मुलाखतीत तिचा उपयोग होतो.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी. ईसीआयटीबीची लेव्ही मालकावर आहे, कामगारावर नाही. पगाराच्या चिठ्ठीत ‘ट्रेनिंग लेव्ही’ अशी कपात दिसली, तर ती कशासाठी, हे लेखी विचारावं. दुसरी गोष्ट व्हिसाची. बाहेरच्या देशातून कुशल कामगार आणणाऱ्या मालकाला २०१७ पासून ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’ भरावा लागतो. सुरुवातीला मोठ्या कंपनीसाठी तो वर्षाला १,००० पौंड होता. ही रक्कम मालकाने कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे, आणि तसं केल्याचं उघड झालं तर मालकाचा प्रायोजक परवाना जाऊ शकतो. भारतातल्या एजंटने या नावाखाली पैसे मागितले, तर ते देऊ नयेत आणि मागणीचा पुरावा जपून ठेवावा.

पुढे काय बदलू शकतं

ब्रिटिश सरकारने या दोन्ही मंडळांचा आढावा मार्क फार्मर यांच्याकडे सोपवला होता. बांधकाम उद्योगाने आधुनिक व्हावं, नाहीतर मरावं, असं बजावणारा २०१६ चा गाजलेला अहवाल त्यांचाच. त्यांच्या नव्या आढाव्याचा अहवाल २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. सीआयटीबी आणि ईसीआयटीबी यांना एकत्र करून एकच मंडळ असावं, ही त्यातली ठळक शिफारस. पवनऊर्जा, कार्बन साठवण, हिंकली पॉइंट सी आणि साइजवेल सी यांसारखे अणुप्रकल्प या सगळ्यांना लागणारी माणसं दोन्ही क्षेत्रांतून येतात, मग त्यांची मंडळं वेगळी कशाला, असा त्यामागचा विचार.

विलीनीकरण झालं, तर छोट्या मालकाच्या दृष्टीने तीन गोष्टी बदलू शकतात. आपण कोणत्या मंडळाच्या कक्षेत येतो, हा जुना वाद संपेल. दोन मंडळांचे दर वेगळे असल्याने एकत्रित मंडळासाठी नवा दर ठरवावा लागेल. आणि इंजिनिअरिंग बांधकामाच्या साइटवर लागणाऱ्या खास चाचण्यांना घरबांधणीच्या प्रचंड संख्येपुढे किती वाटा मिळेल, हा प्रश्न उभा राहील. शिफारशीचं रूपांतर कायद्यात होईपर्यंत मात्र प्रत्येक मंडळाचं रिटर्न, नोटीस आणि अपिलाची मुदत आपापल्या जागी आहे. यापुढच्या सल्लामसलतीच्या पत्रांना उत्तर देताना छोट्या कंपन्यांनी सूट-मर्यादा, दाव्यांची मुदत आणि छोट्या कोर्सना मिळणारी मदत या तीन मुद्द्यांवर लेखी मत नोंदवावं. नवा दर ठरवतानाही मालकांच्या बहुमताचा नियम कायम राहिला, तर त्या मतांची मोजणी होईल.